हरलेला डाव उघडून बसायचं असेल तर : लिशोगीबद्दल

लिशोगी ही शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळायची वेबसाइट. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि तिचा कोड कुणालाही बघता येतो. बुद्धिबळवाल्यांना लिचेस माहीत असेलच. त्याच्याच कोडवरून ही उभी राहिली आहे, त्यामुळे लिचेसवर हात बसलेल्या माणसाला इथे चाचपडावं लागत नाही. तिच्यावर रोज डाव मांडणारे पुष्कळ आहेत. मी तिच्याकडे गेले ते वेगळ्याच कामासाठी. एक डाव हरले होते आणि तो का हरले ते मला समजून घ्यायचं होतं. त्या कामाला ही वेबसाइट कशी आहे ते सांगते. पण मग आधी तो डावही सांगावा लागेल.

मी मूळची सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव ते, तिथे लहानपणी पट समोर आला नाही असं मूल विरळा. आता नोकरीमुळे टोकियोत, निशी-कासाईला राहते. आमच्या कंपनीचा शोगीचा संघ आहे. कंपन्यांच्या संघांची एक स्पर्धा आम्ही खेळतो. एका संघात पाच जण, पाच पट एका रांगेत, ज्यांचे तीन डाव आले तो संघ जिंकला. या खेपेला शेवटची लढत जिंकली असती तर आम्ही वरच्या वर्गात गेलो असतो. बाकीचे चार डाव संपले तेव्हा दोन त्यांचे, दोन आमचे. चालू होता तो फक्त माझा. माझ्या पाठीमागे आमचे चौघे आणि समोरच्यांच्या पाठीमागे त्यांचे चौघे येऊन उभे राहिले. मला घड्याळाच्या टिकटिकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

ज्यांनी शोगी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पट नऊ बाय नऊ घरांचा, दोन्हीकडे वीस-वीस सोंगट्या. आपला राजा, हत्ती, उंट, घोडा, प्यादी यांचे भाऊबंद इथे आहेत. शिवाय सोनं आणि चांदी या राजाच्या आसपास राहणाऱ्या सोंगट्या, आणि सरळ पुढेच जाणारा भाला. मोठा फरक एकच : मारलेली सोंगटी मरत नाही. ती मारणाऱ्याच्या हातात येते आणि आपली पाळी आली की पटावर रिकाम्या घरात टाकता येते. त्यामुळे बुद्धिबळात शेवटाकडे पट रिकामा होत जातो तसा इथे होत नाही, उलट शेवट जास्तच पेटतो. घरांना दोन आकडे असतात. पहिल्यांदा चालणाऱ्याच्या उजवीकडून मोजलेला उभा रकाना हा पहिला, वरून मोजलेली आडवी ओळ हा दुसरा.

मी पहिली चालले होते. समोरचे गृहस्थ पासष्टीच्या पुढचे असावेत. त्यांनी हत्ती चौथ्या रकान्यात आणून राजा मिनो किल्ल्यात बसवला. ही अगदी पारंपरिक रचना, हौशी खेळाडूंची लाडकी. मी हत्ती जागेवर ठेवून लवकर चाल केली आणि मधल्या टप्प्यात माझं चांगलं चाललं होतं. माझा हत्ती त्यांच्या मुलखात शिरून ड्रॅगन झाला, म्हणजे हत्तीच्या चालीशिवाय तिरकं एक घरही त्याला जाता येऊ लागलं. तो ८१ वर त्यांचा घोडा मारून बसला. त्यांचा राजा हुसकला जाऊन ९३ वर, पटाच्या कडेला आला. माझ्या हातात दोन सोनी. माझा राजा ७८ वर, फार सुरक्षित नाही, पण त्याच खेळीत मात बसेल असाही नाही. आणि मला प्रत्येक खेळीला ३० सेकंद. याला ब्योयोमी म्हणतात. मूळ वेळ संपली की प्रत्येक खेळीला ठरावीक सेकंद, तेवढ्यात खेळलं नाही तर डाव गेला.

मी ड्रॅगन ९१ वर नेला. त्यांचा भाला मारला आणि राजाला खालून, म्हणजे त्यांच्या बाजूनं बघता मागून, शह दिला. हातात एक सोंगटी आली आणि शहही बसला, म्हणून तेव्हा खेळी उत्तम वाटली होती. राजा ८४ वर सटकला. तिथून तो वर-वर येत गेला, मी शहावर शह देत गेले, त्यात माझं एक सोनं खर्ची पडलं, आणि दहा-बारा खेळ्यांनी त्यांचा राजा माझ्याच सोंगट्यांमधून पार निघून गेला. मग त्यांची पाळी आली आणि माझा राजा काही टिकला नाही. मी हार मानली, दोघांनी वाकून नमस्कार केला. वरचा वर्ग हुकला.

शोगीत डाव संपला म्हणजे उठून जायचं नसतं. दोघं मिळून सोंगट्या मागे नेतात आणि डाव पुन्हा बोलत-बोलत खेळतात. याला कान्सोसेन म्हणतात. हरणाऱ्याला हा भाग फार जड जातो. मला त्या क्षणी फक्त बाहेर जायचं होतं. पण ते गृहस्थ शांतपणे एकेक सोंगटी उचलून ९३ वर राजा असलेल्या स्थितीपर्यंत मागे गेले. एकदाही अडखळले नाहीत. मग माझ्या बाजूचं एक सोनं त्यांनी स्वतः उचललं आणि ८५ वर ठेवलं.

‘‘इथे हे आलं असतं तर मी हार मानणार होतो,’’ ते म्हणाले.

मी पाहत राहिले. ८५ वरचं सोनं शह देत नाही. ते नुसतं राजाच्या वरच्या वाटा अडवतं, ९४ही आणि ८४ही. खालच्या ९२ आणि ८२ या घरांवर माझा ड्रॅगन होताच. ८३ वर त्यांचंच प्यादं. म्हणजे राजाला हलायला घर नाही, आणि पुढच्या खेळीला मी दुसरं सोनं ९४ वर टाकलं की मात. मी त्यांना विचारलं, हे प्यादं ८४ वर सरकवून तुम्ही सोन्यावर आला असता तर? त्यांनी मान हलवली. तरी ९४ वर सोनं, तरी मातच. प्यादं सरकल्यावर ८३ रिकामं होतं खरं, पण त्या रकान्यात खालून ड्रॅगन बघतोय.

राजाला शह देत पळवू नये, त्याला वेढत आणावं, असं शोगीत सांगतात. माझ्या डेस्कवर ही म्हण चिकटवलेली आहे.

आता लिशोगीकडे येते. हौशी स्पर्धेत खेळ्या लिहून घ्यायला कुणी नसतं. घरी येऊन मी तो डाव आठवून-आठवून घातला. कोरा पट उघडायचा आणि दोन्ही बाजूंच्या खेळ्या एकेक करून चालवायच्या. चूक झाली की मागे जायचं, नवी वाट काढली की ती आपोआप शाखा म्हणून बाजूला राहते. हे काम मला महत्त्वाचं वाटतं. ज्या ठिकाणी खेळ्या आठवत नव्हत्या तिथे मी डावातही विचार न करता खेळले होते. सुरुवातीच्या तीसेक खेळ्या हातानं आपसूक घातल्या, शेवटच्या शहांचा क्रम मात्र परत-परत बिघडत होता. डाव दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपवर खेळलेला असेल तर हा खटाटोप नाही. बहुतेक जपानी अ‍ॅप खेळ्यांची नोंद केआयएफ नावाच्या साध्या मजकुरात देतात, ती इथे चिकटवली की झालं.

मग एक बटण दाबलं की यानेउराओ हे जपानी इंजिन, म्हणजे शोगी खेळणारा संगणकाचा प्रोग्राम, सगळा डाव तपासतं आणि पटाखाली एक आलेख काढून देतं. मधली रेघ म्हणजे बरोबरी, रेघेच्या एका बाजूला माझी सरशी, दुसऱ्या बाजूला त्यांची. कुठे किरकोळ कमी-जास्त झालं, कुठे चुकलं आणि कुठे घोडचूक झाली त्या ठिकाणी खुणा.

मला काय दिसणार ते माहीत होतं. ९१ वर ड्रॅगन, तिथे कडा कोसळलेला असणार आणि त्यापुढे आलेख तळाशी. कडा होताही. इंजिननंसुद्धा ८५ सोनं हीच खेळी सांगितली, म्हणजे त्या गृहस्थांनी सोंगटी उचलून दाखवलं तेच. पण कड्यानंतर आलेख तळाशी नव्हता. तो मधल्या रेघेवर होता. आणि पुढच्या बऱ्याच खेळ्या तिथेच रेंगाळत होता.

हे मी कितीतरी वेळ बघत बसले. माझी समजूत अशी होती की मी ९१ ला हरले आणि त्यानंतरचं सगळं नुसतं लांबण होतं. खरं म्हणजे तिथे मी जिंकत आलेला डाव बरोबरीत आणला होता. बरोबरीत! त्यानंतरच्या खेळ्या मी हातचं गेलं म्हणून हळहळत खेळले, आणि त्यातलीच एक खेळी खरी हरणारी होती. त्यांचा राजा बाहेर पडल्यावर एका ठिकाणी इंजिन मला सांगतं : शह देऊ नकोस, आपला राजा ७८ वरून ८८ वर घे. एक पाऊल बाजूला, एवढंच. तिथे मी सोनं टाकून आणखी एक शह दिला. ते सोनं त्यांनी मारलं आणि त्याच सोन्यानं मला मात दिली. मारलेली सोंगटी समोरच्याच्या हातात जाते तेव्हा फुकटच्या शहाची किंमत अशी मोजावी लागते. वेळेवर पळालेला राजा आठ खेळ्यांचा फायदा करून देतो, अशीही एक म्हण या खेळात आहे.

कान्सोसेनमध्ये त्या जागेबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो. त्यांनाही तिथपर्यंत आपण सुटलो असंच वाटत होतं.

आलेखाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११ ऑक्टोबर २०२३ ला क्योतोमध्ये ‘ओझा’ या शोगीतल्या मोठ्या किताबाचा चौथा डाव झाला. नागासे ताकुया विरुद्ध फुजी सोता. फुजी जिंकले तर आठच्या आठ मोठे किताब एकाच माणसाकडे, असं आधी कधीच झालं नव्हतं. प्रक्षेपणात पडद्यावर जिंकण्याची शक्यता टक्क्यांत दाखवतात. शेवटाला नागासेंच्या नावापुढे ९९ टक्के होते. ब्योयोमी चालू होता, त्यांनी ४२ वर सोनं टाकायच्या ऐवजी दुसरी खेळी केली आणि आकडा उलटला. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःला ते कळलं. दोन्ही हातांनी केस विस्कटत, वर बघत बसलेले नागासे मी तेव्हा पडद्यावर पाहिले होते आणि माझ्या पोटात खड्डा पडला होता. डाव १३८ खेळ्यांनी संपला. पण त्यानंतर ते उठून गेले नाहीत. ज्या माणसानं आपला किताब नेला त्याच्याच समोर बसून त्यांनी सोंगट्या मागे नेल्या आणि डावाबद्दल बोलले. ज्यांना टक्के बघून ‘किती सोपं होतं’ असं वाटतं त्यांनी एक ध्यानात ठेवावं, पटापाशी बसलेल्या दोघांना तो आकडा दिसत नसतो.

म्हणून लिशोगी वापरणाऱ्याला मी आग्रहानं सांगेन, इंजिनचं बटण लगेच दाबू नका. समोरचा माणूस असेल तर आधी त्याच्याशी बोला. नसेल तर आपण कुठे काय विचार केला होता ते शाखेत लिहून ठेवा. इथे ‘अभ्यास’ नावाची सोय आहे. त्यात डावाची प्रकरणं करता येतात आणि खेळीखाली टिपणं लिहिता येतात. मी ती मराठीत लिहिते. ‘इथे भाला फुकट मिळतोय म्हणून घेतला, त्यांचा राजा कुठे जाईल ते पाहिलं नाही.’ ‘इथे मागे उभ्या असलेल्या कर्णधारांचा विचार मनात.’ ही वाक्यं इंजिननं दाखवल्यानंतर लिहिता आली नसती. उत्तर बघितलं की आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं असं वाटायला लागतं. अभ्यास दुसऱ्याला दाखवता येतो, तो मी आमच्या कर्णधारांना पाठवला. त्यांनी माझ्या टिपणांखाली स्वतःच्या शाखा जोडल्या. त्यातली एक त्यांना फार आवडलेली आहे, इंजिनला मुळीच नाही. आमचा त्यावर अजून वाद चालू आहे.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे डावातल्या कुठल्याही स्थितीपासून पुढे खेळता येतं, मित्राशी किंवा संगणकाशी. संगणकाच्या आठ पातळ्या आहेत. मी ९३ वर राजा असलेली स्थिती लावली, ८५ वर सोनं ठेवलं आणि डाव शेवटपर्यंत नेला. मग बाजू बदलून त्यांचा राजा मी घेतला. त्या बाजूनं बसल्यावर ते सोनं किती भयानक दिसतं! सगळीकडे हात घालून बघितला, सुटका नाही. आपण ज्याला वेढतो त्याच्या जागी बसल्याशिवाय वेढा म्हणजे काय ते डोक्यात शिरत नाही, निदान माझ्या तरी. या एका सोयीसाठी मी ही वेबसाइट कुणालाही सुचवीन. आपल्याच डावातल्या चुकीच्या जागा एकेक करून समोर ठेवून ‘इथे याहून चांगलं काय?’ असं विचारणारी सोयही आहे. ती चांगली आहे, पण घाईत वापरली तर नुसती कोडी सोडवल्यासारखं होतं.

इंजिनकडून काय मिळत नाही तेही सांगते, आणि हे सगळ्याच इंजिनांना लागू आहे. ते खेळी सांगतं, कारण सांगत नाही. ८८ राजा का? दोन संध्याकाळी शाखा चालवून माझ्या ध्यानात आलं की ७८ वर असताना त्यांच्या घोड्याची उडी शहासकट बसते, ८८ वर ती शहाशिवाय बसते आणि मला एक खेळी मोकळी मिळते. हे मला शोधावं लागलं. नवशिक्या माणसाला यात माणसाची, क्लबातल्या कुणा जाणत्याची मदत लागेलच. शिवाय इंजिनच्या शाखा पुष्कळदा अशा असतात की ३० सेकंदांत माझ्यासारखीला त्या दिसणं शक्य नाही. त्या सोडून द्यायला शिकावं. ८५ सोनं दिसायला हवं होतं, ते शिकण्यासारखं आहे. तेरा खेळ्यांच्या कसरतीनं वाचणारा राजा शिकण्यासारखा नाही.

इथे टोकियोत माझ्या संघातले बाकीचे पियो शोगी वापरतात. ते फोनवरचं अ‍ॅप आहे, कोंबडीची पिल्लं प्रतिस्पर्धी म्हणून येतात, डावही तपासून मिळतो. माणसांशी खेळायला जपानी लोकांची मुख्य गर्दी शोगी वॉर्सवर असते, तिथे दहा मिनिटांचे किंवा त्याहून झटपट डाव होतात. भारतात बसून शोगी शिकणाऱ्याला मात्र मी लिशोगीच सुचवीन. वेबसाइट इंग्रजीत चालते आणि सोंगट्यांवरची जपानी अक्षरं वाचता येत नसतील तर चिन्हं असलेल्या सोंगट्यांचा संच निवडता येतो. माझ्या सांगलीच्या भाचीनं तोच संच लावून सुरुवात केली, आता ती अक्षरांच्या सोंगट्यांवर आली आहे. मात देण्याची कोडी आहेत, ती रोज चार-दोन सोडवावीत. त्यात एक नियम पुन्हा-पुन्हा आडवा येतो. हातातलं प्यादं टाकून त्याच खेळीला मात देता येत नाही, तो डाव तुम्ही हरलात. माझ्या त्या स्थितीतही ९४ वर सोन्याऐवजी प्यादं टाकलं असतं तर नेमकं हेच झालं असतं. म्हणून दोन सोनी हातात असणं मोलाचं होतं.

पैसे कुठेच मागत नाहीत. ज्यांना द्यायचे त्यांनी स्वखुशीनं देणगी द्यावी. मी दिली.

पुढची स्पर्धा शरद ऋतूत आहे. तो संघ वरच्या वर्गात गेला, त्यामुळे ते गृहस्थ माझ्यासमोर येणार नाहीत. पण सभागृह तेच असेल. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठून ७८ वर माझा राजा असलेली ती स्थिती मांडायची आहे आणि मी ८८ वर गेले असते तर तुम्ही काय खेळला असता, हे विचारायचं आहे. इंजिननं त्यावर त्यांच्यासाठी एक खेळी सांगितली आहे. ते ती खेळले असते असं मला वाटत नाही.